कॉन्टँगो म्हणजे भाववाढीचा अंदाज नाही

प्रश्न असा आहे: कच्च्या तेलाचा हजर भाव (आज माल घ्यायचा भाव) ७० डॉलर आहे आणि सहा महिन्यांनंतरचा वायदा, म्हणजे तेव्हा माल द्यायचा-घ्यायचा आज ठरवलेला सौदा, ७४ ला चाललाय. बातमीत लिहिलंय की तेलबाजार ‘कॉन्टँगो’त आहे. याचा अर्थ बाजाराला पुढे तेजी दिसतेय, असा घ्यायचा का? तसं असेल तर तेलाचा एखादा फंड घेऊन सहा महिने बसलं तर चार डॉलर आपलेच ना? आणि बाजार ‘बॅकवर्डेशन’मध्ये असेल तर मंदी येणार, असं समजायचं का?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्या प्रश्नावर तर लोकांचे खरे पैसे गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं बरंचसं काम कच्च्या तेलाच्या आणि धातूंच्या वायद्यांमध्ये हेजिंगचं, म्हणजे भाव आधीच बांधून जोखीम कमी करण्याचं आहे. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

व्याख्या एका वाक्यात संपते. लांबच्या महिन्याचा वायदा जवळच्या महिन्यापेक्षा महाग असेल तर कॉन्टँगो, स्वस्त असेल तर बॅकवर्डेशन. सगळ्या महिन्यांचे भाव एका आलेखावर मांडले की जी रेषा तयार होते तिला फॉरवर्ड कर्व्ह म्हणतात. रेषा चढती की उतरती, एवढंच हे दोन शब्द सांगतात. ती तशी का आहे, हे त्यांत कुठेच नसतं. गोंधळ होतो तो ‘का’च्या बाबतीत.

तुमचेच आकडे घेऊ. आज ७० डॉलरला एक बॅरल तेल घेतलं आणि सहा महिने ठेवलं, तर खर्च किती? पैसे गुंतले त्याचं व्याज वर्षाला ६ टक्के धरलं तर महिन्याला ३५ सेंट. टाकीचं भाडं आणि विमा मिळून आणखी ३५ सेंट धरा. महिन्याला ७० सेंट, सहा महिन्यांचे ४ डॉलर २० सेंट. म्हणजे आजचं तेल सहा महिन्यांनी हातात द्यायचं तर त्याची पडतळ ७४.२० बसते. वायदा आहे ७४ ला. म्हणजे तुम्हाला जी तेजी वाटतेय ती जवळपास सगळी भाड्याची आणि व्याजाची आहे. पुढे भाव वाढणार की पडणार याबद्दल हा फरक काहीही बोलत नाही.

आता समजा, हाच वायदा ७४ ऐवजी ७८ ला गेला. ज्याच्याकडे टाकी आहे आणि बँकेकडून पैसा उचलायची सोय आहे, तो काय करेल? हजर बाजारात ७० ला तेल घेईल, त्याच क्षणी ७८ चा वायदा विकेल, माल टाकीत भरेल आणि सहा महिन्यांनी डिलिव्हरी देऊन मोकळा होईल. खर्च वजा जाता बॅरलमागे ३ डॉलर ८० सेंट, तेही भावाची जोखीम न घेता. याला कॅश अँड कॅरी म्हणतात. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या सुरुवातीला मागणी कोसळून कॉन्टँगो इतका रुंदावला, की जमिनीवरच्या टाक्या कमी पडल्यावर व्यापाऱ्यांनी महाकाय तेलवाहू जहाजं भाड्याने घेतली आणि तेल भरून ती समुद्रातच उभी ठेवली. असं एक जहाज साधारण २० लाख बॅरल मावून घेतं. बॅरलमागे दोन-तीन डॉलर सुटले तरी हिशोब किती मोठा होतो ते बघा.

असे सौदे सुरू झाले की हजर माल उचलला जातो आणि वायदा विकला जातो, त्यामुळे फरक पुन्हा खर्चाच्या पातळीला येतो. म्हणजे साठवता येणाऱ्या मालाच्या कॉन्टँगोला वरून एक मर्यादा असते, आणि ती साठवणुकीच्या खर्चाने ठरते.

‘मग लोकांच्या अपेक्षांचं काय? पुढे तुटवडा येणार असं सगळ्यांना वाटत असेल तर लांबचा वायदा चढणारच ना?’ चढतो, पण एकटा चढत नाही. सहा महिन्यांनी भाव ९० होणार अशी खात्री असलेला माणूस आजचं ७० चं तेल सोडेल का? तो आजच उचलून ठेवेल आणि हजर भावही ८५ च्या आसपास ओढला जाईल. अपेक्षा बदलल्या की अख्खा कर्व्ह वर किंवा खाली सरकतो. त्याचा उतार मात्र साठा, भाडं आणि व्याज यांच्या गणितावर चालतो. या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सोन्यात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. सोन्याचा वायदा जवळपास कायम कॉन्टँगोत असतो, आणि वार्षिक टक्केवारी काढली तर ती डॉलरच्या अल्पमुदतीच्या व्याजदराच्या आसपास येते. सोनं खपून जात नाही, साठा प्रचंड आहे आणि उसनं मिळतं. त्यामुळे ‘सोन्याचा पुढचा वायदा वर आहे, तेजी पक्की’ असं कुणी सांगितलं तर त्याने व्याजदराची बातमी सोन्याच्या नावाने सांगितली असं समजा.

शेअर निर्देशांकाच्या वायद्यातही तेच: व्याज अधिक, मधल्या काळात मिळणारा लाभांश वजा. लाभांशाच्या हंगामात निर्देशांकाचा वायदा हजर निर्देशांकाच्या खाली दिसला की लगेच ‘मोठे लोक मंदीत आहेत’ अशी चर्चा सुरू होते. आधी त्या महिन्यात लाभांश किती येतोय ते मोजा. बऱ्याचदा सगळा डिस्काउंट तिथेच सापडतो.

आता बॅकवर्डेशन. इथे प्रश्न उलटा आहे: पुढच्या महिन्यातला माल स्वस्त मिळत असताना कुणी आज जास्त पैसे का मोजेल? कारण त्याला माल आज हवाय. रिफायनरी चालू ठेवायला आज तेल लागतं. युनिट बंद करून पुन्हा सुरू करण्याचा खर्च आणि बुडालेली विक्री पाहता, हातातल्या बॅरलसाठी दोन-तीन डॉलर जास्त मोजणं परवडतं. हाताशी माल असण्याच्या या फायद्याला कन्व्हिनियन्स यील्ड म्हणतात. साठा मुबलक असला की हा फायदा शून्याजवळ जातो, साठा आटला की तो भाडं-व्याज गिळून टाकतो आणि कर्व्ह उतरता होतो.

म्हणून बॅकवर्डेशनचा पहिला अर्थ आजची टंचाई असा आहे. पुढच्या मंदीशी त्याचा थेट संबंध नाही. उलट बॅकवर्डेशन असताना हजर भाव कित्येक महिने चढत राहिलेले मी पाहिलेत, कारण टंचाई लवकर मिटत नाही.

शिवाय कॉन्टँगोला जशी वरची मर्यादा असते तशी बॅकवर्डेशनला नसते. आजचा माल उद्यासाठी ठेवता येतो, उद्याचा माल आज आणता येत नाही. लंडन मेटल एक्स्चेंजवर ऑक्टोबर २०२१ मध्ये तांब्याच्या गोदामांत डिलिव्हरीसाठी मोकळा माल जेमतेम उरला होता. तेव्हा रोख तांबं आणि तीन महिन्यांचं तांबं यांतला फरक टनामागे १,००० डॉलरच्या वर गेला. एरवी हा फरक काही दहा डॉलरांच्या घरात असतो. एक्स्चेंजला तात्पुरते नियम आणून बॅकवर्डेशनवर मर्यादा घालावी लागली. ज्यांनी तांबं विकून ठेवलं होतं आणि रोज पोझिशन (उभा असलेला सौदा) पुढे ढकलायची होती, त्यांना तांब्याच्या भावाने मारलं नाही, या फरकाने मारलं.

अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३० मध्ये आणखी एक बाजू मांडली होती. उत्पादकाला भाव पक्का करून झोपायचं असतं, म्हणून तो वायदा थोडा स्वस्तात विकतो आणि समोरचा सट्टेबाज ती सूट विमाहप्त्यासारखी घेतो. तत्त्व पटतं, पण रोजच्या कामात कर्व्ह वाचताना मी आधी साठ्याकडे बघतो, या सुटीकडे नंतर.

आता तुमच्या फंडाकडे येऊ. तेलाचा फंड टाक्यांमध्ये तेल ठेवत नाही, तो वायदे धरतो. मुदत संपत आली की जवळचा वायदा विकून पुढच्या महिन्याचा घेतो. याला रोलओव्हर म्हणतात. समजा, हजर भाव ७० आहे, पुढच्या महिन्याचा वायदा ७२ ला आहे आणि फंडाकडे ७,२०,००० डॉलर आहेत. त्याने ७२ ने १०,००० बॅरलचे वायदे घेतले. महिनाभर हजर भाव जागचा हलला नाही. मुदत संपताना वायदा हजर भावाला येऊन मिळतो, म्हणजे ७० ला. हातात उरले ७,००,०००. नवा वायदा पुन्हा ७२ ला. आता बॅरल येतात ९,७२२. महिन्याला पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घट, आणि टीव्हीवर तेलाचा भाव तोच, ७०. हे बारा महिने असंच चाललं तर मूळ रकमेपैकी साधारण ७१ टक्के उरते. (तारण ठेवलेल्या रोख रकमेवरचं व्याज मी इथे धरलेलं नाही. ते थोडा भार हलका करतं.)

इथे एक सूक्ष्म चूक सर्रास होते. ‘रोलओव्हर करताना स्वस्त विकून महाग घ्यावं लागतं, म्हणून तोटा’ असं सांगितलं जातं. रोलओव्हरच्या क्षणी तोटा होत नाही. सात लाखांचे वायदे विकले आणि सात लाखांचे घेतले, हिशोब बरोबर. तोटा झालेला असतो तो आधीच्या महिन्याभरात, ७२ चा वायदा रोज थोडा थोडा ७० कडे घसरताना. हा फरक पंडिती वाटेल, पण त्याचा उपयोग आहे: रोलओव्हरचा दिवस चुकवून हा तोटा चुकत नाही. ‘फंडाने दोन दिवस आधी रोल केला असता तर वाचलो असतो’ ही तक्रार बहुतेक वेळा निराधार असते.

बॅकवर्डेशनमध्ये हेच चाक उलटं फिरतं. ६८ ला घेतलेला वायदा ७० कडे चढतो आणि भाव न हलता पैसे मिळतात. याला रोल यील्ड म्हणतात. म्हणजे तेलाच्या फंडात बसायचंच असेल तर ज्याला तुम्ही मंदीचं लक्षण समजत होता तो उतरता कर्व्ह तुमच्या बाजूचा आहे आणि चढता कर्व्ह विरुद्ध बाजूचा.

पण याच उत्पन्नावर कायमचा भरवसा ठेवून व्यवसाय उभा केला की काय होतं, त्याचं शाळेतलं उदाहरण मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीचं. तिच्या अमेरिकी उपकंपनीने ग्राहकांना इंधन पक्क्या भावात, काही करारांत दहा वर्षांपर्यंत, द्यायचं कबूल केलं आणि त्याचं हेजिंग जवळच्या महिन्यांच्या वायद्यांत केलं. दर महिन्याला रोल करत जायचं. बाजार बॅकवर्डेशनमध्ये होता तोवर रोलमधून पैसे येत होते. १९९३ मध्ये तेल पडलं, कर्व्ह कॉन्टँगोत उलटला आणि मार्जिनची, म्हणजे वायद्यातल्या तोट्यापोटी भरायच्या तारणाची, मागणी रोज रोखीत येऊ लागली. ग्राहकांच्या करारांतला नफा मात्र कागदावर आणि पुढच्या दहा वर्षांत विखुरलेला. मुख्य कंपनीने डिसेंबरमध्ये पोझिशन कापायला लावल्या. तोटा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. हेज मुळात बरोबर होता, तो मध्येच कापला ही चूक, असं मर्टन मिलर यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी नंतर मांडलं आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर हेज कितीही सुंदर असो, रोजची रोख भागवता येत नसेल तर तो हेज तुमचा नाही.

आणि मग २० एप्रिल २०२०. वर म्हटलं, की कॉन्टँगोला साठवणुकीच्या खर्चाची मर्यादा असते. त्यात एक अट गृहीत होती: टाकी मिळते. अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाच्या वायद्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंग इथे होते. ते गाव समुद्रापासून दूर, पाइपलाइनींच्या जाळ्यात आहे. जहाज आणून उभं करायची सोय तिथे नाही. टाळेबंदीत इंधनाची मागणी बसली, कुशिंगच्या टाक्या झपाट्याने भरत गेल्या आणि ज्या थोड्या रिकाम्या दिसत होत्या त्या आधीच कुणी ना कुणी भाड्याने घेऊन ठेवल्या होत्या. मे महिन्याच्या वायद्याची मुदत २१ एप्रिलला संपणार होती. शुक्रवारी १७ तारखेला तो १८.२७ डॉलरवर बंद झाला होता. सोमवारी ज्यांच्याकडे तो उरला होता त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते: प्रत्येक लॉटमागे १,००० बॅरल तेल कुशिंगमध्ये ताब्यात घ्यायचं, नाहीतर मिळेल त्या भावाला विकायचं. घेणारे कुठून येणार? टाकीवाल्यांना घाई नव्हती. सेटलमेंट, म्हणजे दिवसाचा अधिकृत बंद भाव, झालं उणे ३७.६३ डॉलरला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर बॅरलमागे ३७ डॉलर ६३ सेंट घ्या. त्याच दिवशी जूनचा वायदा २०.४३ ला बंद झाला. एकाच मालाच्या लागोपाठच्या दोन महिन्यांत ५८ डॉलरचा फरक!

त्या दिवसाबद्दल ऐकायला मिळणारी एक गोष्ट दुरुस्त करतो. सगळ्यात मोठ्या अमेरिकी तेल फंडाने घाबरून विकलं म्हणून भाव उणे गेला, असं अजून सांगितलं जातं. तो फंड मे करारातून आधीच बाहेर पडलेला होता. त्याला फटका बसला तो दुसऱ्या दिवशी, जूनचाच वायदा ११.५७ पर्यंत कोसळला तेव्हा. त्यानंतर त्याने आपली गुंतवणूक एकाच महिन्याऐवजी अनेक महिन्यांत पसरवली आणि त्याच महिन्यात आठ युनिटांचं एक युनिट केलं. ‘तेल इतकं पडलंय, आता आणखी कुठे पडणार’ म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्यात शिरलेल्या लोकांचा अंदाज चुकला नव्हता. तेल खरोखरच वर आलं. त्यांचं युनिट मात्र तेवढं वर आलं नाही, कारण मधला तीव्र कॉन्टँगो त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला.

साठवताच येत नाही अशा गोष्टींच्या वायद्यांना वरचं गणित लागू होत नाही. वीज हे एक उदाहरण, व्हीआयएक्स हा अमेरिकी शेअरबाजाराचा अस्थिरता निर्देशांक हे दुसरं. तिथे पुढच्या महिन्याच्या भावात खरोखर अपेक्षा असते आणि तिच्यावर चढलेला जोखमीचा हप्ता असतो. व्हीआयएक्सचे वायदे शांत काळात कॉन्टँगोत असतात, घबराट झाली की उलटतात. हा कॉन्टँगो दररोज थोडाथोडा कमवायचा म्हणून वायदे विकणारी उत्पादनं काही वर्षं उत्तम चालली. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हीआयएक्स १७.३१ वरून ३७.३२ वर गेला. त्यांतलं एक मोठं उत्पादन एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त गमावून बसलं आणि बंद झालं.

प्रत्यक्ष कर्व्ह वाचताना पहिला नियम असा, की नुसता डॉलरमधला फरक बघू नका, त्याची वार्षिक टक्केवारी काढा आणि व्याजदराशेजारी ठेवा. ७० आणि ७२ मध्ये एक महिना असेल तर ते वर्षाला ३४ टक्के होतात. कुठल्याही व्याजदराने किंवा नेहमीच्या भाड्याने ते समजावता येत नाहीत, म्हणजे टाक्या खरंच भरत आल्यात. तेच दोन डॉलर सहा महिन्यांत असतील तर त्यात काही बातमी नाही.

दुसरं म्हणजे हंगाम. नैसर्गिक वायूचा कर्व्ह हिवाळ्यात उंच, उन्हाळ्यात खाली असा लाटेसारखा असतो. त्याला ‘कॉन्टँगो’ किंवा ‘बॅकवर्डेशन’ असं एक लेबल लावणं निरर्थक आहे. तिथे या वर्षीचा जानेवारी पुढच्या वर्षीच्या जानेवारीशी ताडायचा. अमेरिकी वायूतला मार्च-एप्रिल स्प्रेड (दोन महिन्यांच्या भावांतला फरक), म्हणजे हिवाळ्याचा शेवटचा महिना विरुद्ध साठवणुकीचा पहिला महिना, इतका खतरनाक आहे की बाजारात त्याला ‘विडो-मेकर’ म्हणतात. २००६ मध्ये अमॅरंथ हा हेज फंड अशाच वायू-स्प्रेडांमध्ये सहा अब्ज डॉलरहून जास्त घालवून बुडाला.

हेजिंग करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. उत्पादक कंपनीत बॅकवर्डेशनच्या काळात वायदा विकायला गेलं की हमखास प्रश्न येतो, ‘आज ८० चा भाव आहे आणि तुम्ही पुढच्या वर्षीचा माल ७३ ला कसा विकलात?’ पुढच्या वर्षीच्या मालासाठी ८० हा भाव बाजारात अस्तित्वातच नाही, ७३ च आहे, हे आधी कागदावर मांडून मंजुरी घ्या. इंधन विकत घेणाऱ्या विमान कंपनीला मात्र हाच कर्व्ह सोयीचा, पुढच्या वर्षीचं इंधन तिला ७३ ला बांधून मिळतं.

तुम्हाला तेलाच्या भावावरच पैसे लावायचे असतील तर फंडाच्या माहितीपत्रकात तो कुठल्या महिन्यांचे वायदे धरतो ते आधी शोधा. फक्त जवळचा महिना धरणारा असेल तर कॉन्टँगोत तो आठवड्या-दोन आठवड्यांचंच साधन समजा. मग त्या फंडाचा आणि हजर तेलाचा गेल्या काही वर्षांचा आलेख एकावर एक ठेवून बघा. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे धारकांनी भरलेलं बिल.

कर्व्हवर लक्ष ठेवायचं तर पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यातला स्प्रेड पुरे. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा साप्ताहिक साठा अहवाल घ्या. तो एरवी बुधवारी येतो आणि त्यात कुशिंगचा आकडा वेगळा दिलेला असतो. साठा घटतोय आणि जवळचा महिना दूरच्यापेक्षा महाग होत चाललाय, तर भावातली तेजी मालाच्या मागणीवर उभी आहे. भाव चढतोय पण स्प्रेड ढिला पडत कॉन्टँगोकडे सरकतोय, तर तेजी कागदी सौद्यांची आहे आणि माल कुठेतरी साचतोय. अशा वेळी मी नवी खरेदी करत नाही.